मथुराचा जड क्लच

आमच्या मथुरानं गाडीचा हॉरन कव्हाच वाजवला न्हाई. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या की बाकीचे डायवर पॉं पॉं करत बसायचे. मथुरा खिडकीतून मुंडकं बाहेर काढायची, जीभ टाळूला लावायची आन् "ट्रर्र… हैक, हैक!" करायची. मेंढरं हाकताना आमी करतो ना, तसं. म्हशी उठून बाजूला. एकदा हिंगोलीच्या नाक्यावर एक फटफटीवाला मधीच थांबून मोबाईलवर बोलून राहिला व्हता. हिनं त्याला बी तसंच हाकललं. त्यो बी बाजूला सरला! आपल्याला काय म्हणली ते त्याच्या ध्यानात आलं तवर गाडी लांब गेली व्हती.

मथुरा मपली धाकटी जाऊ. आमचं घर मेंढरावालं. सेनगावच्या अंगाला थोडं कोरडवाहू रान, बाकी सगळं पोट मेंढरावर. ती मला 'बाई' म्हणायची, कारण मी थोरली. थोरली म्हंजी लई शहाणी व्हते असं न्हाई. आधी आले इतकंच.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हंजी नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडाला तोंड देऊन बोलायचं नसतं. पदर घ्यायचा आन् दुसऱ्याच्या हातून निरोप द्यायचा. त्यानं बी तिचं नाव घ्यायचं न्हाई. मपले मालक म्हंजी तिचे भासरे. दोघं एकाच अंगणात उभे, आन् मधी मी.

"बाई, त्यास्नी सांगा, गाभण मेंढीला त्यो पाला नगं."

"तिला म्हणावं, मला ठाव हाय."

"बाई, त्यास्नी इचारा, ठाव हाय तर टाकून काहून राहिले?"

मी काय सांगणार? दोघांनी बी ऐकलेलंच असायचं. मी आपली भाकरी थापत बसायची आन् त्यांचं भांडण मपल्या डोक्यावरून इकडून तिकडं जायचं.

लग्न होऊन आली त्याच साली पाऊस गेला. आमी मेंढरं घेऊन कयाधूच्या काठाकाठानं निघालो. पाणी दिसंल तिथं पाल टाकायचं, संपलं की उचलायचं. मपलं एक लेकरू त्या वाटंतच गेलं. ते मी कोणाला सांगत बसत न्हाई. पण त्या दिवशी सगळा कळप मथुरानं एकलीनं हाकला आन् मला कोणी 'ऊठ' म्हणलं न्हाई. तिनं म्हणूच दिलं न्हाई. नवी नवरी व्हती, हातावरची हळद गेली नव्हती.

त्याच वाटंवर एक मेंढी लंगडाया लागली. मालकांनी खूर बघितला, सुरीनं कोरला, म्हणले, "काटा व्हता, निघाला." दुसऱ्या दिवशी मेंढी तशीच. मालक म्हणले, "सवय लागली तिला. ढोंग करून राहिली."

मथुरा पदराआडून म्हणली, "बाई, त्यास्नी सांगा, जनावर खोटं लंगडत न्हाई."

मंग मेंढीला आडवी पाडून तिनं खुरापासून हात फिरवला. खूर दाबला, सोडला. वरचा सांधा दाबला, सोडला. गुडघा. कोपर. मेंढी गप पडलेली. खांद्यापाशी बोट गेलं आन् मेंढीनं अंग काढून घेतलं. लोकर बाजूला केली तर आत बाभळीचा काटा, पू धरलेला. मला म्हणली, "बाई, खालून वर जायचं. एकेक सांधा मोकळा करून बघायचा. मधला सोडायचा न्हाई. जिथं दुखतं तिथं ते आपणच सांगतं." हे तिला तिच्या आज्यानं शिकवलेलं.

पुढं मपल्या दिरानं, मथुराच्या नवऱ्यानं सखारामनं, एक जुना ट्रक घेतला. लहानच व्हता, कोणाचा तरी वापरून सोडलेला. गावोगावची मेंढरं-बकऱ्या भरायची आन् बाजाराला न्यायची. चांगलं चाललं व्हतं. तर सखारामला लकवा झाला. उजवी बाजू गेली, अर्धं तोंड गेलं. ट्रक लिंबाखाली उभा राहिला. कोंबड्या ष्टेरिंगवर बसू लागल्या.

मथुरानं लई दिवस बघितलं. मंग एका सकाळी कोंबड्या हाकलल्या, नवऱ्याला पाठीवर घेतलं आन् डायवरच्या बाजूच्या सीटवर नेऊन बसवलं. पडीक माळावर गाडी शिकली ती. त्यो अर्ध्या तोंडानं काय सांगायचा ते तिलाच कळायचं. गाडी उड्या मारत चालली की त्यो हसायचा, लाळ गळायची, ती पदरानं पुसायची आन् पुन्हा चालू करायची. अनवाणी चालवायची. म्हणायची, चप्पल घातली की गाडी काय म्हणून राहिली ते कळत न्हाई. हिंगोलीला जाऊन लायसन बी काढलं. बाजारात लोक थांबून बघायचे. एक म्हातारा म्हणला, "पोरी, बापे सरले का तुमच्या गावातले?" ही म्हणली, "सरले न्हाईत बाबा, मागं मेंढराजवळ बसलेत." खरंच मागं मपले मालक बसलेले.

मालकांना ते आवडत नव्हतं, पण घर चालून राहिलं व्हतं म्हून गप. आन् त्यांनी बी एक डोकं लावलं व्हतं. मेंढरू उचलून गाडीत टाकायचं म्हंजी कंबर जाती. तर माळाच्या उतारावर एक उंच बांध व्हता. गाडी मागं घेत घेत बांधाला टेकवायची. बांध आन् गाडीचा तळाचा फळा बराबर एका उंचीला. मेंढरं बांधावरून सरळ चालत आत. गाडीचं तोंड उताराकडं. चार गावचे लोक बघून गेले. मालक मिशीला पीळ देऊन सांगायचे, "डोकं लागतं."

मंग क्लच जड झाला.

एकदम न्हाई झाला. हळूहळू. मथुरा आली की डावा गुडघा धरून बसायची. मी रुईच्या पानानं शेकायची. ती म्हणायची, "बाई, काहीतरी झालंय गाडीला." मालकांनी एकदा बसून दाबून बघितला. त्यांचा पाय जन्मभर मेंढरामागं चाललेला, लोखंडावानी.

"तिला म्हणावं, बराबर हाय. बाईच्या पायाचं काम न्हाई ते."

गावातल्या एका-दोघा डायवरनी बी मान हलवली. बाप्या माणसाला मान हलवायला काय लागतं.

हिंगोलीच्या गफूर मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यानं क्लचची वरची तेलाची पिचकारी बदलली, मंग खालची बदलली. थोडे दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. पुन्हा गेलो तर म्हणला, "भाभी, गाडी में अब कुछ नै. घुटने का इलाज कराव."

त्या दिवशी वाटंनं ती एका हातानं गुडघा दाबत दाबतच गाडी घरी घेऊन आली.

मालकांनी घरात सांगून टाकलं, गाडी विकायची. त्याची मेंढरं घ्यायची. सखाराम बाजंवर पडल्या पडल्या रडला. गाडी गेली म्हंजी त्याचं औषध गेलं, त्यांच्या पोरीचं कालेज गेलं. मथुरा चुलीपाशी मपल्या बाजूला येऊन बसली. म्हणली, "बाई, मेंढरामागं चालायला मला लाज न्हाई. जन्म त्यातच गेला. पण बाईचा पाय कमजोर निघाला म्हून गाडी गेली, हे नगं मला. हे खोटं हाय."

रिसोडकडचा एक गिऱ्हाईक आला. गाडीला गोल फिरला, टायरला लाथा मारल्या, आत बसला. क्लच दाबला आन् तोंड वाकडं केलं.

"मामा, क्लच तर लई जड हाय हो. माझा पाय आखडून जाईल असा."

मालकांनीच सगळ्या गावाला सांगितलेलं, बराबर हाय म्हून. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"बाई, त्यास्नी सांगा, ह्या बाप्याचा पाय बी बाईचाच निघाला!"

सखाराम बाजंवर अर्ध्या तोंडानं खदाखदा हसला. मी तोंडात पदर कोंबला. गिऱ्हाईकाला काही कळलं न्हाई. त्यो म्हणला, नीट करून ठेवा, बाजार झाला की येतो, गाडी घेऊनच जातो. मालक मपल्याकडं न बघता म्हणले, "तिला म्हणावं, नीट करून आण. शेवटचं. मंग द्यायचीच हाय."

मी तिच्यासंगं गेले. गफूर मिस्त्री माणूस दिलदार, पण तोंडानं फाटका. लांबूनच वरडला, "फिर आयी? अरे भाभी, मैं सब बदल्या इसका!"

मथुरा म्हणली, "भाऊ, आज काही बदलायचं न्हाई. आज निस्तं सोडायचं. एकेक सांधा मोकळा करायचा आन् मला सांगायचं."

"मेंढी है क्या ये?"

"मेंढीच हाय. लंगडून राहिली."

मिस्त्री हसला, पण घुसला गाडीखाली.

मला जेवढं कळलं तेवढं सांगते. पायाखाली तेलाची एक पिचकारी असती. क्लच दाबला की तेल नळीनं खाली जातं. खाली दुसरी पिचकारी. ती बाहेर येती आन् एका आडव्या दांड्याला ढकलती. दांडा गिअरच्या डब्यात या बाजूनं त्या बाजूला गेलेला, टोकं बाहेर. त्यो दांडा फिरला की आत क्लच सुटतो. बस, इतकंच.

मिस्त्रीनं खालची पिचकारी दांड्यापासून सोडवली आन् लाकडाचा तुकडा लावून धरली. खालून वरडला, "दबाव अब! धीरे! नै तो पिस्टन मेरे मूं पे आयेगा!"

मथुरानं पाय लावलाच न्हाई. वाकून हातानं दाबला. लोण्यात बोट गेल्यावानी क्लच खाली गेला.

ती मपल्याकडं बघून राहिली. पुन्हा दाबला. पुन्हा तसाच. म्हंजी क्लचपासून खालच्या पिचकारीपर्यंत सगळं धडधाकट. जे जे बदललं ते ते आधीच बरं व्हतं!

"भाऊ, इथवर दुखत न्हाई," ती म्हणली. "म्होरं चला."

म्होरं त्यो आडवा दांडा. मिस्त्रीनं त्याची स्प्रिंग काढली. स्प्रिंग काढल्यावर दांडा हातानं थोडा तरी हलाया पाहिजे, खुळखुळ करायला पाहिजे म्हणं. मिस्त्रीनं हातानं वढला. हलंना. मंग पाइप अडकवून जोर केला. 'कर्रर्र' असा आवाज आला की मपल्या दातात गेला.

खालून मिस्त्रीची आरोळी. "जाम है! शाफ्ट जाम है! दरवाजे के पुराने कब्जे के जैसा जाम है!" शाफ्ट म्हंजी त्योच दांडा, दाराच्या जुन्या बिजागरीवानी आडकलेला.

बाहेर आला, तोंड काळंभोर, दात पांढरे. म्हणला, "भाभी, घुटना तुमारा नै, गाडी का दुखता था!"

मथुरा पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं रडती का काय. मंग म्हणली, "भाऊ, हे जरा जोरात म्हणा. तिकडं टपरीवर डायवर बसलेत ना, त्यास्नी ऐकू जाऊ द्या."

मिस्त्री बी असा बहाद्दर, रस्त्याच्या मधी जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर केले आन् वरडला, "सुनो रे! भाभी का पांव बराबर है! गाडीच लंगडी थी!" टपरीवरच्या लोकांनी चहाचे कप खाली ठेवले. एकानं तर टाळी वाजवली.

दुसरी कोणी असती तर इथंच खूश झाली असती. ही न्हाई. म्हणली, "जाम काहून झाला?"

"पुरानी गाडी है. जंग लगता."

मथुरा वाकली, दांड्याकडं बोट केलं. "मंग एकाच टोकाला काहून?"

मिस्त्रीनं बत्ती धरली. खरंच. दांड्याचं एक टोक ग्रीसनं काळंशार, तुकतुकीत. दुसरं गंजून फुगलेलं, वर पांढरी खपली धरलेली. मथुरानं नखानं खपली खरवडली, नाकाला लावली. मंग बोट मपल्या नाकापुढं धरलं.

"बाई, वळखा."

वळखायचं काय? जन्म गेला त्या वासात. मेंढराचं मूत.

तिनं गाडीखाली वाकून वर बघितलं. फळ्यांच्या पुढच्या कडंला एक फट, फटीतून खाली वघळ उतरलेला, बराबर त्या टोकावर. मेंढरू गाडीत चढलं की भ्यानं आधी मुततं. खाली सोयाबीनचं भुसकट टाकतो आमी, पण ते किती पिणार? ज्या बाजूला उतार त्या बाजूला सगळं वाहून जाणार. आन् गाडी भरताना तिचं तोंड कुठं असतं? उताराकडं. आन् कशापायी?

आमी दोघींनी एकमेकीकडं बघितलं.

"बांध," मी म्हणलं.

"बांध," ती म्हणली.

आन् मंग जे हसू फुटलं! मी बाई इतकी कव्हा हसले न्हाई. मालकांचा त्यो बांध, ती मिशी, ते डोकं! मिस्त्री बिचारा विचारून राहिला, "क्या हुआ? क्या हुआ?" मथुरानं डोळे पुसत सांगितलं तर त्यो बी खाली बसला हसत. त्यालाच मंग उमगलं, पिचकारी बदलताना त्यानं सगळं डिझेलनं धुतलं व्हतं, त्यो दांडा बी भिजला व्हता, म्हून थोडे दिवस हलका चालला.

गिअरचा डबा उतरवून दांडा काढला. दांड्याच्या टोकांना नवे बुश, म्हंजी धातूच्या बांगड्या, टाकले, ग्रीस भरलं आन् त्या टोकावर पत्र्याची एक टोपी बसवली, वरून गळालं तरी आत जाऊ नये म्हून. आमी पोत्यावर बसून बांधून आणलेल्या भाकरी खाल्ल्या, मिस्त्रीला बी ठेचा दिला. झोंबला त्याला.

परतीला मथुरा उगंच गिअर बदलत व्हती. मोकळा सरळ रस्ता, तरी बदलायची. नुसती क्लच दाबायची हौस. "बघा बाई, बघा," करायची. मी म्हणलं, "बघितलं माय, म्होरं बघ."

घरी मालक अंगणात बसलेले. मथुरानं पदर घेतला. "बाई, त्यास्नी सांगा…"

"मी न्हाई सांगत," मी म्हणलं. "हे मपल्या तोंडून जायचं न्हाई. तूच सांग."

मालकांनी वर बघितलं. सखारामनं बी मान वर केली. मथुरा दोन पावलं म्होरं आली. पदर तसाच, नजर खाली, पण आवाज सरळ.

"भाऊजी, क्लच तुमच्या बांधानं जड केला."

आन् सगळं सांगितलं. दांडा, खपली, उतार, मूत. मालक उठले. गाडीत जाऊन बसले. क्लच दाबला. पुन्हा दाबला. खाली उतरून पालथे पडून ती पत्र्याची टोपी बघून आले. मंग कुदळ, फावडं, घमेलं उचललं आन् माळाकडं गेले.

बांधापुढं गाडीची पुढची चाकं जिथं यायची तिथं त्यांनी मुरूम टाकायला सुरुवात केली. उतार भरून जागा सपाट करायची, म्हंजी गाडीचं तोंड खाली राहणार न्हाई. खणायचे, घमेलं डोक्यावर घ्यायचे, टाकायचे, पायानं दाबायचे. मी पाणी घेऊन गेले तर पाणी प्याले आन् पुन्हा घमेलं उचललं. माफी-बिफी आमच्या माणसास्नी येत न्हाई. मुरूम येतो.

बाजार झाला आन् गिऱ्हाईक आला. आमी बांधापाशीच व्हतो. गाडी आता सपाट जागंवर उभी, मथुरा आत बसलेली. ती उतरली, त्यो बसला. क्लच दाबला आन् तोंड उजळलं.

"वा मामा! आता कसा हलका फूल! चला, आजच घेऊन जातो."

मालक घमेल्यावर बसले व्हते, कपाळाला मुरूम लागलेला.

"द्यायची न्हाई."

"न्हाई? अवो तुमीच तर म्हणला, चालवणारं कोणी न्हाई!"

"डायवर हाय गाडीला."

त्यो काही तरी बोलत राहिला, भाव वाढवत राहिला. मालकांनी त्याच्याकडं पाठ केली. मपल्याकडं बी बघितलं न्हाई. सरळ तिच्याकडं तोंड केलं.

"मथुरा, भरायची का मेंढरं?"

इतक्या वर्षांत तिचं नाव त्या तोंडातून मी पहिल्यांदा ऐकलं. ती म्हणली, "भरा भाऊजी," आन् गिऱ्हाईकाला म्हणली, "उतरा दादा, मला बसायचंय." त्यो उतरला. मेंढरं बांधावरून आत चालत गेली.

मंग लई वर्षं गेली. सखाराम गेला, मालक गेले. मी पुसेगावला लेकीकडं राहाया आले. मथुरा गाडी चालवतच राहिली. पोरगी शिकली, नोकरीला लागली, 'आई, आता बस कर' म्हणली, तरी चालवत राहिली. गेल्या थंडीत थोडक्या तापानं गेली. त्याच्या आधी मला ती शेवटची दिसली ती अशी.

डोळे दाखवायला मी हिंगोलीला चालले व्हते. बाजाराचा दिवस, यष्टी गर्दीत आडकली. खिडकीतून बघते तर रस्त्याच्या कडंला एक मोठा थोरला परका ट्रक उभा. खालून कोणा बाईचे दोन पाय बाहेर आलेले, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला. भवती चार-पाच डायवर हात बांधून उभे. वर सीटवर एक दांडगा गडी, ह्या मोठ्या मिशा, घामानं निथळून राहिलेला.

खालून आवाज आला, "दाब!"

त्यानं दाबला.

"सोड! हळू रे, तुझी माय खाली पडलीय!"

"व्हय मावशी, व्हय."

यष्टीतली सगळी माणसं खिडकीला लागली. मपल्या शेजारची बाई म्हणली, "कोण व्हय हो ही?"

"मपली जाऊ," मी म्हणलं.

यष्टी हलाया लागली. त्या गड्यानं खिडकीतून मुंडकं काढून खाली इचारलं, "मावशी, झालं का?"

"तू दाब," मथुरा खालून म्हणली. "झालं का न्हाई ते मी सांगते."